आरएक्स १०० तिन्ही ऋतूंत सीझ झाली: बोअर करायला टाकण्याआधी काय बघायचं

"परत आणलास का बे?" मी टेम्पोतून गाडी उतरवत होतो तेव्हा अण्णांनी गॅरेजच्या दारातूनच विचारलं. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा पिस्टन पकडला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून इंजिन सीझ झालं होतं. एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये आणि आता जानेवारीत. आधीच्या दोन्ही वेळी निदान एकच होतं: "उन्हानं होतंय सगळं. सोलापूरचं ऊन हाय ते." बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती सिलिंडरची नळी, वाढवायचा, नवीन पिस्टन किट टाकायची, हजारभर किलोमीटर हळू चालवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांची आरएक्स थोडी 'कामाची' करून घेतलेली आहे आणि वरचेवर सीझ होते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आरएक्सवर लिहिलंय, पण शोगन, सामुराई किंवा कुठल्याही जुन्या टू-स्ट्रोकला यातलं बहुतेक लागू पडेल.

गाडी बाबांची. १९९३ ची. एस्कॉर्ट्सने १९८५ पासून १९९६ पर्यंत जी यामाहा आरएक्स १०० विकली तीच: ९८ सीसी, ५० मिमीचा बोअर, ५० मिमीचा स्ट्रोक, ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर, चार गिअर. बाबांनी ती बावीस वर्षं चालवली. मे महिन्यात भर दुपारी आईला मागे बसवून अक्कलकोटला जायचे, यायचे. एकदाही सीझ झाली नाही. ही गोष्ट मी अण्णांना पहिल्याच वेळी सांगायला हवी होती, कारण ऊन तेव्हाही हेच होतं.

बदललं होतं ते मी. कंपनीचा सायलेन्सर काढून एक्सपान्शन चेंबर लावला. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर जायचं भोक, दीड मिलिमीटर वर नेला आणि थोडा रुंद केला. हेड लेथवर घासून घेतलं. एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवला. ऑइल पंप बंद करून टाकीतच टू-टी ऑइल मिसळायला लागलो. या पाचांपैकी प्रत्येक काम इंजिनात जाणारी हवा किंवा तयार होणारी उष्णता वाढवतं, नाहीतर तेलाचा बंदोबस्त बदलतं. पेट्रोल वाढवणारं एकही नाही. पूर्ण रेसला पेट्रोल वाढवायचं काम एकट्या मेन जेटचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाचं, आणि तो "दोन नंबर मोठा टाकलाय" एवढ्यावर सोडून दिला होता.

ऊन अगदीच निर्दोष नाही. ४३ अंशांच्या हवेत फिन्समधून उष्णता कमी वाहते, हे खरं. पण त्याच गरम हवेची घनता कमी असते. जानेवारीच्या पहाटे १४-१५ अंशांची हवा मे महिन्यातल्या दुपारच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के दाट असते. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल थोडं वाढवतो, पण पुरेसं नाही, आणि मिश्रण सुमारे पाच टक्क्यांनी सुकं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. म्हणजे मे महिन्यात जेमतेम बरोबर असलेला जेट जानेवारीच्या पहाटे लहान ठरतो. माझी गाडी तिसऱ्यांदा पकडली ती तुळजापूर रोडवर, तामलवाडीच्या पुढे, सकाळी साडेसहाला. हाताला मोजे होते, नाकातून पाणी गळत होतं, आणि पिस्टन मात्र भाजून निघाला होता.

आधी पिस्टन वाचा, मग फेका

जुना पिस्टन गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नका. माझे तिन्ही पिस्टन आता घरात खिडकीत ठेवलेत. बायकोला ते शोपीस वाटतात. पण कुठे घासलाय यावरून पिस्टन बरंच सांगतो.

चारी कोपऱ्यांत, म्हणजे गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडून उभे ओरखडे असतील, तर पिस्टन बोअरपेक्षा भरभर फुगला. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली फट, कमी होता, नाहीतर थंड इंजिनला लगेच पूर्ण रेस दिली. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला घासला असेल, तर तिथे तेलाचा थर जळला: सुकं मिश्रण किंवा जास्त उष्णता. फक्त इनटेकच्या बाजूला ओरखडे असतील तर तेल कमी पडलं किंवा उघड्या फिल्टरमधून धूळ गेली. डोक्यावर वाळूच्या कागदाने घासल्यासारखी बारीक खडबडीत किनार दिसली, तर नॉकिंग होतंय, म्हणजे मिश्रण आपोआप भडकतंय. आणि एकाच जागी रिंग तुटून खाच पडली असेल, तर एक्झॉस्ट पोर्ट फार रुंद झालाय, रिंग पोर्टात फुगून अडकते आहे. मधे पट्टी नसलेला पोर्ट बोअरच्या सत्तर टक्क्यांपर्यंत नेतात ते रेसवाले. रोज चालवायच्या गाडीत पासष्टच्या आतच राहावं.

माझा पहिला पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला घासलेला. दुसरा चारी कोपऱ्यांत. तिसरा पुन्हा एक्झॉस्टला, आणि इतका खोल की वरची रिंग खाचेत चिकटून बसलेली. म्हणजे रोग एक नव्हता. दुसरी सीझ तर पहिल्या सीझच्या उपचारानेच झाली. नवीन बोअर कंपनीच्या क्लिअरन्सवर घट्ट केला होता आणि मी दोनशे किलोमीटर झाल्यावर चेंबर गाजतो का ते बघायला गेलो. ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन शंभर अंशांनी तापला की साधारण ०.१ मिमी फुगतो, बीडाचा बोअर जवळपास त्याच्या निम्म्याने. शिवाय पिस्टन बोअरपेक्षा नेहमीच जास्त तापलेला असतो. वाढवलेल्या इंजिनाला मॅन्युअलपेक्षा एक-दोन शतांश मिलिमीटर जास्त सोडावं लागतं, हे लेथवाल्याला सांगायचं काम आपलं. त्याच्यासाठी ती नुसती आरएक्स असते.

हवा कुठून घुसतेय

जानेवारीतल्या त्या सीझच्या आधी दोन-तीन आठवडे गाडी इशारा देत होती. सात रस्त्याच्या सिग्नलला क्लच दाबला की रेस खाली यायची नाही. ऊं करून वरच लटकायची, मग अचानक खाली पडायची. अण्णांनी स्लोचा स्क्रू सैल करून दिला. मीही खूश झालो. त्या दिवशी खरं तर गाडी बंद करून ठेवायला हवी होती. स्लो लटकणं म्हणजे कार्बोरेटरला वळसा घालून कुठून तरी हवा आत जाते आहे, आणि सोबत पेट्रोल येत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या क्रँकच्या डब्यात जातं, म्हणून क्रँककेस हवाबंद असलीच पाहिजे. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. क्लचच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर सुटतो, ऑइल कमी होत जातं, आणि ते डोळ्यांना दिसतं. मॅग्नेटच्या बाजूचा गेला तर नुसती हवा आत येते. धूर नाही, डाग नाही. उलट पिकअप थोडा बरा वाटतो, कारण सुकं होत जाणारं इंजिन मरायच्या आधी जरा जोरात पळतं. ही फसवणूक मी स्वतः अनुभवली. त्या आठवड्यात मी मित्रांना सांगत होतो की आता कुठे गाडी सेट झाली.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. मी घरातलं जुनं, काट्याचं बीपीचं यंत्र वापरलं. त्याचा पट्टा काढायचा, फुगा आणि घड्याळ ठेवायचं. कार्बोरेटर काढून इनटेकच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी आवळायची. एक्झॉस्टला तसंच. पिस्टन अगदी खाली आणायचा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून क्रँककेस आणि सिलिंडर एक होतात. एका पट्टीत व्हॉल्व्हचा तुकडा बसवून तिथून हवा भरायची. घड्याळ ३०० पर्यंत असतं, ते साधारण ०.४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. त्याच्या वर जाऊ नका, चांगला सील जागेवरून उडेल. २५० वर आणून हात थांबवा. काटा काही मिनिटं तसाच उभा राहिला तर उत्तम. मिनिटाला पन्नासच्या आत उतरला तर चालवून घेता येईल.

माझा काटा अर्ध्या मिनिटात शंभरावर आला.

मग साबणाचं पाणी घेतलं. हेडला बुडबुडे नाहीत. बेसच्या पॅकिंगला नाहीत. इनटेकच्या बाजूला पूर्वी ऑइलची बारीक नळी लागायची, ते तोंड मी नळीचा तुकडा घालून, त्यात स्क्रू मारून बंद केलं होतं. त्या नळीला उभी चीर, तिथून फुसफुस. पुलरने मॅग्नेट काढल्यावर मागे सीलच्या ओठापाशी दुधासारखा फेस. सील हातात घेतला तर प्लास्टिकच्या बांगडीसारखा कडक झालेला. तीन बोअर झाले, पण क्रँक प्रत्येक वेळी "चांगला हाय" म्हणून तसाच राहिला होता. ब्लॉक उतरवायला तासभर लागतो, क्रँककेस फोडायला दिवस जातो. त्यामुळे सील कुणी बघतच नाही. पण मॅग्नेटच्या बाजूचा सील बऱ्याचदा क्रँककेस न फोडताही बदलता येतो, फक्त तो बसतो त्या खाचेवर ओरखडा न उठवता काढायला हवा.

या चाचणीला मला एक रविवार लागला. ती पहिल्या सीझनंतर केली असती तर तिसऱ्या बोअरचे पैसे तरी बहुधा वाचले असते. आता कुणीही ब्लॉक बसवताना मी काट्यासह हजर असतो, आणि अण्णा हसतात.

पेट्रोल पोचतंय का

हे पटकन सांगतो. पूर्ण रेसवर असं इंजिन मिनिटाला शंभर मिलीच्या आसपास पेट्रोल पितं. टाकीखालच्या कॉकची नळी बाटलीत सोडून मिनिटभर मोजा. दुपटीहून जास्त यायला हवं. आधी टाकीचं झाकण लावून मोजा, मग उघडून. फरक पडला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. माझ्या कॉकच्या जाळीवर टाकीचा गंज बसला होता; गावात काही कळत नव्हतं, रोडवर दोन किलोमीटर एकसारखी ओढली की कार्बोरेटरची वाटी रिकामी व्हायची.

जेट, आणि आपल्याच जिल्ह्याचं इथेनॉल

बाबांच्या काळात आणि आता एक मोठा फरक आहे, तो पेट्रोल पंपावर. आता मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्या जिल्ह्यात उसाचे एवढे कारखाने आहेत की त्यातलं थोडंफार आपल्या शेजारच्या गावातूनच आलेलं असेल. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिशोब असा: नुसतं पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे सांभाळून घेते. आपला मिकुनी कार्बोरेटर तेवढ्याच भोकातून तेवढंच सोडतो. पंपावरच्या बदलाचे सात-आठ आणि थंडीचे पाच टक्के एकत्र धरा, आणि चेंबर, पोर्ट, उघडा फिल्टर अजून मोजलेलेच नाहीत. "दोन नंबर मोठा जेट" इथेच संपून गेला होता.

शिवाय मी भीतीपोटी ऑइल वाढवत होतो. लिटरला पंचवीस मिली म्हणजे चाळीसास एक, ते पुरतं. पहिल्या सीझनंतर मी साठ मिलीवर गेलो. ऑइल वाढलं की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबातलं पेट्रोल तेवढं कमी होतं, आणि मिश्रण आणखी सुकतं. हे कळल्यावर स्वतःचंच हसू आलं.

जेट निवडताना वरून खाली या. खात्रीने मोठा जेट टाका, इतका की पूर्ण रेसला गाडी भरभरेल, मग एकेक नंबर खाली आणा. खालून वर जाणारा माणूस प्रत्येक पायरीवर पिस्टन पणाला लावतो. मेन जेटचं राज्य पाऊण रेसच्या पुढे. त्याच्या आत पाव ते पाऊण सुई बघते, म्हणून ऐंशीच्या वेगाने निवांत जाताना सीझ होत असेल तर मेन जेट बदलून उपयोग नाही, सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. आणि स्वस्तातल्या जेटवर छापलेला नंबर खरा मानू नका. मी तीन 'एकाच नंबरचे' जेट एका नळीला लावून पन्नास मिली पेट्रोल किती सेकंदांत उतरतं ते मोजलं. तिघांची तीन उत्तरं आली. सुईने किंवा तारेने पोखरलेला जेट तर कचऱ्यातच टाका.

प्लगचा रंग बघायचा तर नवीन प्लग लावून, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन, त्याच क्षणी क्लच दाबून चावी बंद करायची. हळूहळू घरी येऊन मग प्लग काढला तर दिसतो तो स्लोचा रंग. ई२० ने प्लग एरवीपेक्षा फिकाच दिसतो, त्यामुळे जुन्या लोकांचा 'बिस्किटाचा रंग' आता फसवतो. पोर्सलीन जिथे आत बुडालेलं असतं तिथली काळसर कडी बघा. ती अजिबात नसेल तर जेट लहान आहे. मी हे मित्राच्या वीटभट्टीकडे जाणाऱ्या रिकाम्या खासगी रस्त्यावर केलं. होटगी रोडवर करू नका.

जेट पक्का करायचा तो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. मे महिन्यात गाडी जराशी भरलेली वाटेल, ती वाटू द्या.

चेंबरची जाळी

पहिल्या सीझमध्ये जेटसोबत आणखी एक भागीदार होता, आणि तो मीच बसवला होता. चेंबरचा आवाज गल्लीत लोकांना खुपायला लागला, म्हणून मी शेवटच्या बारीक नळीत जाळीचं बूच ठोकलं. एक्सपान्शन चेंबर म्हणजे पोकळ डबा नाही. पसरत जाणारा कोन पोर्टाकडे ओढ पाठवतो आणि जळालेला वायू बाहेर खेचतो; पुढचा निमुळता कोन दाबाची लाट परत पाठवून बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलतो. हे गणित पूर्व जर्मनीत एमझेडच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात बसवलं. १९६१ साली त्यांची १२५ सीसी गाडी २५ हॉर्सपॉवर देत होती, आणि त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर सुझुकीकडे पळाला, ही विद्या घेऊन. शेवटची बारीक नळी या सगळ्यात दाब ठरवते. ती अजून बारीक केली की उष्णता बाहेर पडत नाही, पिस्टनच्या डोक्यात साठते. आवाज कमी करायचा तर नळीचा आतला व्यास तसाच ठेवून पुढे भोकांची नळी आणि काचलोकर भरलेला डबा लावावा लागतो. आवाजाचा प्रश्न नुसता शेजाऱ्यांचा नाही. कंपनीने दिलेल्यापेक्षा गाडी बदलली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून माझा कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर जपून ठेवलाय, आणि रोजच्या वापरात हल्ली बहुतेक वेळा तोच असतो.

हेडबद्दल थोडकंच. घासल्यावर पिस्टन आणि हेडच्या कडेत किती फट उरली ते कुणी मोजत नाही. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून गजन पिनच्या दिशेने कडेपर्यंत घालून किक हाताने एकदा फिरवा, आणि चपटलेलं टोक व्हर्नियरने मोजा. एक मिलिमीटरच्या आसपास असू द्या. कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनाचं ठिणगीचं टायमिंग पुढे ओढायचा मोह आवरा, थोडं मागेच बरं.

क्लचवर दोन बोटं

तामलवाडीच्या पुढे मागचं चाक लॉक झालं तेव्हा मी वाचलो तो केवळ डावी दोन बोटं क्लचवर होती म्हणून. सीझ व्हायच्या आधी अर्धा-एक सेकंद आवाज बदलतो, कुणीतरी मागून गाडी धरल्यासारखी ओढ मंदावते. त्या अर्ध्या सेकंदात क्लच दाबला तर गाडी सरळ राहते. रेस मिटवून थांबायची वाट बघितली तर चाक घसरतं, आणि मागून येणारी एसटी थांबत नाही. उतारावर लांबवर रेस बंद ठेवून गिअरमध्ये उतरू नका. टाकीत ऑइल मिसळणाऱ्या गाडीत रेस बंद म्हणजे ऑइलही बंद. मधेमधे थोडी रेस द्या. तुळजापूरचा घाट उतरताना ही सवय मी मुद्दाम लावून घेतली.

आणि थंड इंजिनाला घराबाहेर पडताच चेंबर गाजवू नका. मी आता गल्लीतून अशोक चौकापर्यंत अर्ध्या रेसच्या वर जात नाही.

मॅग्नेटच्या बाजूचा सील नवीन, ऑइलच्या नळीचं तोंड पितळी बूच बसवून बंद, कॉक साफ, मेन जेट आधीपेक्षा आणखी तीन नंबर मोठा, ऑइल परत पंचवीस मिली. त्यानंतर गाडी दोन हजार किलोमीटरच्या वर चालली आहे, त्यात एक मे महिना आणि एक अख्खा डिसेंबर आला. जुन्या सवयीने अण्णा दर वेळी ब्लॉकवर हात ठेवून बघतात आणि काही न बोलता चहा मागवतात. एकच तक्रार उरली आहे: सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत पाच-दहा मिनिटं रेंगाळलं की प्लग ओला होतो, आणि पाव रेसला गाडी अडखळते. मेन जेट बरोबर आहे, म्हणून त्याला हात लावणार नाही. पुढच्या रविवारी स्लो जेट एका नंबरने खाली आणून बघणार आहे, आणि त्याआधी काटा लावून पुन्हा एकदा हवा भरणार.